सहीची एकच चौकट

भद्रावतीच्या हरिदास निमसरकारांच्या घरी त्या बुधवारी सकाळी आठ वाजता एक ई-मेल आला, आणि नऊच्या आत हरिदासभाऊंनी तो आपल्या अंगावर घेतला. खरं म्हणजे तो त्यांच्यासाठी नव्हताच. तो त्यांच्या मुलीला, संघप्रियाला आला होता. पण माजरीच्या कोळसा खाणीच्या ऑफिसात चौतीस वर्षं कारकुनी करून घरी बसलेल्या माणसाला दुसऱ्याच्या कागदाचं जेवढं आकर्षण असतं, तेवढं स्वतःच्या जेवणाचंही नसतं.

संघप्रिया वाळवीवर पीएच.डी. झालेली. लोकांना हे सांगताना हरिदासभाऊ 'वाळवी' हा शब्द जरा पुटपुटत आणि 'पीएच.डी.' मोठ्यानं म्हणत. वाळवी आपल्या वारुळात एका बुरशीची शेती करते, आणि पावसाळ्यात त्या बुरशीला वारुळावर पांढऱ्या छत्र्या फुटतात. आपल्या झाडीपट्टीत त्यांना सात्या म्हणतात आणि मटणाच्या तोडीची भाजी करतात. वाळवीला जी शेती जमते ती माणसाला अजून नीट जमलेली नाही. ती का जमत नाही, हे संघप्रियाला शोधायचं होतं. नागपूरच्या प्रयोगशाळेतलं तिचं कंत्राट सप्टेंबरात संपत होतं, आणि त्यानंतर प्रयोगशाळेकडे तिला द्यायला शुभेच्छांखेरीज काही नव्हतं. एका कोचिंग क्लासनं जीवशास्त्र शिकवायला बोलावलं होतं. तिनं अजून हो म्हटलं नव्हतं, पण नाहीही म्हटलं नव्हतं.

आणि आता हा ई-मेल. युरोपातली एक संस्था जगभरातल्या होतकरू तरुण शास्त्रज्ञांना पाच वर्षं संशोधनासाठी अनुदान देते. शेकडो अर्जांतून त्यांनी बारा निवडले होते आणि बारांत भद्रावतीची संघप्रिया होती. दोन आठवड्यांनी मुलाखत. त्याआधी फक्त एक कागद पाठवायचा होता. ज्या गावाच्या जंगलात काम चालणार, त्या गावाचं संमतिपत्र. छापील नमुना सोबत जोडलेला होता आणि त्यात खाली सहीसाठी एक चौकट होती.

"हे कागदाचं काम माह्यावर सोड," हरिदासभाऊ म्हणाले. "तू तुही वाळवी पाह्य."

संघप्रियानं सांगून पाहिलं की गाव तिच्या ओळखीचं आहे, चार वर्षं ती तिथं जाते आहे, एक फोन केला की होईल. पण हरिदासभाऊंनी तोवर चष्मा पुसायला घेतला होता. त्यांची बायको रुखमाबाई मुलीला म्हणाली की चष्मा पुसला म्हणजे आता काही बोलून उपयोग नाही, तू चहा पी.

शेजारी गुणवंतराव धोटे राहत. निवृत्त तलाठी. या दोघांची पंचवीस वर्षांची मैत्री होती, आणि तिचा पाया एकच होता, तो म्हणजे दुसऱ्याला इंग्रजी येत नाही अशी दोघांचीही खात्री. गुणवंतरावांनी ई-मेल दोनदा वाचला, दुसऱ्यांदा मोठ्यानं, आणि मान हलवली. त्यांच्या मते नुसतं संमतिपत्र परदेशात चालत नाही. ते स्टॅम्प पेपरवर पाहिजे, नोटरीचा शिक्का पाहिजे, आणि शक्यतो वारुळाचा सातबारा जोडला पाहिजे. वारूळ ज्या जमिनीवर आहे तिचा, असं हरिदासभाऊंनी सुधारून पाहिलं. गुणवंतराव म्हणाले, तेच ते.

शिवाय त्यांनी एक भयंकर गोष्ट हेरली. दहावीच्या प्रमाणपत्रावर संघप्रियाच्या नावात मधे एक इंग्रजी 'ए' होता आणि पासपोर्टवर तो नव्हता. "इथीच अडकते सारं," गुणवंतराव म्हणाले. मग गुरुवारचा अख्खा दिवस त्या 'ए'च्या मागे गेला. प्रतिज्ञापत्राच्या खिडकीवर बाईंनी विचारलं, प्रयोजन काय? हरिदासभाऊंनी वाळवी, बुरशी, युरोप असं सगळं क्रमानं सांगितलं. बाईंनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हटलं की कॉम्प्युटरमध्ये असं प्रयोजन नाही, त्यातल्या त्यात जवळचं टाकते. त्यामुळे 'संघप्रिया निमसरकार या नावाच्या दोन्ही व्यक्ती एकच आहेत' असं सांगणारं ते प्रतिज्ञापत्र शेळीपालनासाठी निघालं. संध्याकाळी ते संघप्रियानं वाचलं, जपून घडी घातली आणि म्हणाली, "बाबा, हे कोणी मागतलंच नव्हतं."

शुक्रवारी मात्र खरी धमाल उडाली. गुणवंतरावांनी ही बातमी कोणालाही न सांगण्याच्या अटीवर सगळ्यांना सांगितली होती, आणि गल्लीत पोचेपर्यंत निवडीचा निकालच लागलेला होता. सकाळी चौकात फ्लेक्स लागला. संघप्रियाचा फोटो, शेजारी तिच्याहून मोठा नगरसेवकाचा फोटो, मागे वाळवीच्या ऐवजी मुंगी. आणि खाली, 'कालकथित हरिदास निमसरकार यांची सुकन्या'. फ्लेक्सवाल्यानं मागच्या आठवड्यातल्या कोणाच्या तरी पुण्यानुमोदनाच्या, म्हणजे श्रद्धांजलीच्या बॅनरवरूनच हा मजकूर उतरवला होता आणि वारलेल्या माणसाच्या नावाआधी लावतात तेवढा एक शब्द पुसायचा राहून गेला होता.

फोन सुरू झाले. बल्लारपूरहून रुखमाबाईंची बहीण रडत रडत ऑटोतून उतरली, आणि दार उघडायला स्वतः हरिदासभाऊच आले. तिला आनंदापेक्षा राग जास्त आला. इतका खर्च करून आलेल्या माणसाला नुसता चहा देता, असं ती म्हणाल्याचं रुखमाबाई अजून सांगते. हरिदासभाऊ जिवंतपणाचा पुरावा म्हणून स्वतःलाच घेऊन फ्लेक्सवाल्याकडे गेले. तो बिचारा फार शरमला. त्यानं लगेच शिडी लावून वरून पट्टी चिकटवली. पण पट्टी आखूड पडली आणि तिच्याखाली फक्त 'काल' गेलं. आता चौकात 'कथित हरिदास निमसरकार' अशी पाटी झाली. म्हणजे काल ते वारलेले होते, आज ते संशयास्पद झाले. रुखमाबाई म्हणाली, आधीपेक्षा तर बरं आहे, राहू द्या.

या अपमानानंतर हरिदासभाऊंनी ठरवलं की संमतिपत्र असं आणायचं की युरोपानं पाहत राहावं. दोन रात्रींची झोप घालवून त्यांनी चार पानांचा मसुदा इंग्रजीत केला. त्याची सुरुवात इंग्रजीतल्या 'ज्याअर्थी'नं होत होती, आणि तिसऱ्या पानापर्यंत 'त्याअर्थी' येत नव्हतं. सोमवारी ते, संघप्रिया आणि गुणवंतराव निघाले. गुणवंतरावांना कोणी बोलावलं नव्हतं, पण एक्क्याण्णव साली ते एटापल्लीला तलाठी होते, आणि त्या भागात आपल्याशिवाय पान हलत नाही अशी त्यांची समजूत होती. चंद्रपूर, आलापल्ली, तिथून भामरागडची गाडी आणि हेमलकशाच्या अलीकडे उतरून शेवटचे चार किलोमीटर चिखल. गाव येरमेटोला, तीस-बत्तीस घरांचं.

ग्रामसभा गोटुलासमोर, म्हणजे गावाच्या सामायिक घरासमोर बसली. अध्यक्ष मंगलीबाई, पन्नाशीच्या, बांधा बारका, बोलणं त्याहून बारीक. सात्या कुठल्या वारुळावर कधी फुटणार हे सगळं गाव त्यांना विचारायचं. सचिव हेमराज, गावातल्याच शाळेचा मास्तर. बाईंना माडिया येई, मराठी कामापुरती. हेमराज तिकडचं इकडे करून सांगे. जोहार झाला, पाणी झालं, आणि हरिदासभाऊंनी उभं राहून चारही पानं मराठी करून वाचली. मधे एकदा 'उपरोक्त' म्हणताना त्यांचा आवाज भरून आला.

वाचन संपलं. मग मंगलीबाईंनी हेमराजला हळू काहीतरी विचारलं.

"बाई विचारते," हेमराज म्हणाला, "हे कोण बोललं?"

"म्हणजे?"

"कागदात लिवलं हाय, आम्ही सर्व मिळून ठरवतो. आम्ही तं अजून काई बोललोच नाई."

चौतीस वर्षांत हरिदासभाऊंच्या मसुद्यात कोणी स्वल्पविराम बदलला नव्हता. ते खाली बसले, आणि गुणवंतरावांनी सहानुभूती दाखवण्यासाठी त्यांच्या पाठीवर हात ठेवला, तो त्यांना जास्त लागला.

मग सभा सुरू झाली ती तीन तास चालली. संघप्रिया मधे बसली आणि प्रश्न येत गेले. किती वारुळं उघडणार? एकही नाही, बारीक नळीनं आतली माती घेणार. सात्या नेणार का? वाळवून, मूठभर, दाखवून. नाव कोणाचं लागणार? इथं संघप्रिया म्हणाली की ज्या बायकांनी दाखवलं त्या प्रत्येकीचं. सोमारी नावाच्या म्हातारीनं विचारलं की नावाचं काय करायचं असतं, आणि त्यावर अर्धा तास गेला. हरिदासभाऊंना आधी कंटाळा आला, मग उत्सुकता वाटली, आणि शेवटी ते नकळत खिशातून पेन काढून टिपणं घ्यायला लागले. ठराव झाला अकरा ओळींचा. मराठीत, सभेच्या रजिस्टरात, प्रत्येक ओळ कोणीतरी बोललेली. खाली एकसष्ट जणांनी सह्या केल्या आणि अंगठे उठवले. दोन पानं भरली.

आता अडचण छापील नमुन्याची. त्यात सहीची एकच चौकट होती. हरिदासभाऊंनी मंगलीबाईंना विनवलं की अध्यक्ष म्हणून तुम्ही एकट्या तेवढी करा. त्यांनी मान हलवली. ठराव सभेचा, सही सभेची. एकटीनं केली तर उद्या कोणीही म्हणेल, तिनं विकलं जंगल. एकसष्ट अंगठे त्या चौकटीत बसवायचे म्हणजे मुंगीचे अंगठे पाहिजेत, असं गुणवंतराव म्हणाले. त्यांच्या त्या महिन्यातल्या बोलण्यात तेवढं एकच उपयोगाचं होतं.

शेवटी हरिदासभाऊंनी शाळेच्या गच्चीवर चढून, कारण गावात रेंज तिथंच येई, संस्थेला ई-मेल केला. आदरपूर्वक नम्र निवेदन, सादर विनंती, आपला आज्ञाधारक, असं सगळं त्यात होतं. दोन तासांत उत्तर आलं. कोणी इंग्रिड नावाची बाई होती. तिनं सुरुवात केली होती, 'हाय हरिदास'.

चौसष्ट वर्षांत त्यांना खाणीच्या मोठ्या साहेबानंही हाय केलं नव्हतं. पण पुढचा मजकूर वाचला आणि ते गच्चीवरून जवळजवळ धावतच खाली आले. इंग्रिडबाईंनी लिहिलं होतं की एकसष्ट सह्या चालतील, त्या छान आहेत, चौकट विसरा. पण परीक्षकांना आता गावाचं म्हणणं कागदावर नको, प्रत्यक्ष ऐकायचं आहे. मुलाखतीत पंधरा मिनिटं सभेला देऊ. अट एकच, भाषांतर उमेदवारानं स्वतः करायचं नाही.

त्यामुळे पुढच्या बुधवारी ही सगळी वरात पुन्हा येरमेटोल्याला, आणि अख्खी ग्रामसभा शाळेच्या गच्चीवर. युरोपात सकाळचे दहा, इथं दुपारचे दीड. हेमराज माडियाचं मराठी करणार होता. मराठीचं इंग्रजी करायला गुणवंतरावांना नेमलं होतं, कारण हरिदासभाऊ पडले मुलीचे बाप. गुणवंतराव लग्नातला कोट घालून आले होते. हरिदासभाऊंकडे छत्री आली. लॅपटॉपच्या पडद्यावर ऊन पडू नये म्हणून ती धरून उभं राहायचं, एवढंच. मुलीच्या आयुष्यातला सर्वांत मोठा दिवस, आणि आपल्याकडे सावलीचं खातं.

पडद्यावर पाच परीक्षक उमटले. संघप्रिया सुरेख बोलली. इतकी, की इंग्रजी न कळणारी सोमारीही मान डोलावत होती. मग गावाची पाळी आली. मंगलीबाई दोन वाक्यं बोलल्या, हेमराजनं त्याचं मराठी केलं, आणि सगळ्यांनी गुणवंतरावांकडे पाहिलं. गुणवंतरावांनी कॅमेऱ्याकडे पाहिलं. कॅमेऱ्याच्या त्या हिरव्या ठिपक्यात काय होतं देव जाणे, पण पंचवीस वर्षांचं इंग्रजी त्या क्षणी त्यांना सोडून गेलं.

"येस," ते म्हणाले. बराच वेळ थांबले. "मशरूम."

परीक्षक वाट पाहत राहिले. गुणवंतरावांच्या कपाळावरून घाम टाय ओलांडून खाली गेला. आणि हरिदासभाऊंनी काय केलं, तर छत्री त्यांच्या हातात दिली आणि स्वतः पुढे येऊन बसले. इंग्रजीत म्हणाले, "महोदय, मी उमेदवाराचा बाप आहे. हे आधीच सांगतो. पण चौतीस वर्षं मी खाणीत अपघाताच्या चौकशीत मजुरांच्या जबान्या लिहून घेतल्या. समोरचा बोलेल तेच लिहायचं, आपलं घालायचं नाही, हे माझं काम होतं. आपल्याला चालत असेल तर मी सांगतो."

पाच डोकी एकमेकांकडे वळली. मधल्या चष्मेवाल्या बाईंनी मान हलवली. मंगलीबाई पुढे बोलू लागल्या, आणि हेमराजचा चेहरा उतरला. तो क्षणभर घुटमळला, पण त्यानं सांगितलं.

"बाई म्हणते, ह्या पोरीनं पयल्या वर्षी आमचं एक वारूळ फोडलं. इचारलं नाई. सतरा नंबर म्हणे ती त्याले. तिथी आमच्या सासूच्या सासूपासून सात्या निघत होत्या. आता निघत नाई. सभेनं तिले चार महिने गावात येऊ देलं नाई."

हरिदासभाऊंना हे ठाऊक नव्हतं. त्यांनी मुलीकडे पाहिलं. ती खाली मान घालून होती. 'थोडं नुकसान झालं' असं म्हणता आलं असतं. 'गैरसमज' हाही शब्द होता, कारकुनीत त्याच्यासारखा उपयोगी शब्द दुसरा नाही. पलीकडे ते कोणाला कळणार होतं? त्यांनी घसा खाकरला आणि सांगितलं. वारूळ फोडलं. विचारलं नाही. सासूच्या सासूपासून. चार महिने. एक शब्द कमी नाही की मऊ नाही.

चष्मेवाल्या बाईंनी संघप्रियाला विचारलं, हे खरं आहे का? ती म्हणाली, खरं आहे, मला प्रबंधाची घाई झाली होती.

पडद्यावर कोणीतरी काहीतरी लिहून घेतलं. हरिदासभाऊंना वाटलं, संपलं, आणि आपल्या तोंडून संपलं. पण मंगलीबाईंनी हात वर केला होता. त्यांचं बोलून व्हायचं होतं. यावेळी हेमराज सांगता सांगता हसायला लागला.

"बाई म्हणते, मंग ती परत आली तं पयले इचारलं. महिनाभर रोज पहाटे आमच्यासंगं वारुळापाशी बसली. कोणत्या वारुळाले एक साल सोडून द्यावं, ते आता आम्ही तिले इचारतो. पैसे द्यायचे असन तं द्या, नाई तं नका देऊ, ते तुमचं. पन दुसऱ्या कोणाले पाठवान तं त्याले बी पयले एक चूक करू द्यावं लागन. आन् आमच्यापाशी आता तेवढे वारुळं नाईत."

हरिदासभाऊंनी तेही जसंच्या तसं सांगितलं. चष्मेवाल्या बाई मागे रेलून मनमोकळं हसल्या, आणि तेवढ्यात रेंज गेली.

परतीच्या गाडीनं आलापल्ली मागे टाकली. गुणवंतराव मांडीवर कोटाची घडी घेऊन झोपले होते, निदान तसं दाखवत होते. मग संघप्रिया म्हणाली, "तुम्ही थोडं मऊ करून सांगतलं असतं तं चाललं असतं, बाबा."

"मऊ केलं असतं तं ते मंगलीबाईचं राह्यलं नसतं," हरिदासभाऊ म्हणाले. "पन मले काऊन नाई सांगतलं?"

"तुमाले वाईट वाटलं असतं."

"वाटलंच. आता वाटून गेलं." आणि त्यांनी तिच्यापुढे रुखमाबाईनं दिलेला चिवड्याचा डबा उघडून धरला.

निकाल अठरा दिवसांनी आला. संघप्रिया स्वयंपाकघरात भेंडी चिरत होती. फोन वाजला, तिनं वाचलं आणि ती फरशीवर बसली. रुखमाबाईला वाटलं घेरी आली, म्हणून तिनं आधी पाणी शिंपडलं आणि मग विचारलं. बारांपैकी चार निवडले होते. चौघांत ती होती. पाच वर्षं, स्वतःचं काम, चंद्रपुरात स्वतःची छोटी प्रयोगशाळा. रुखमाबाईनं ओल्या हातानंच मुलीला जवळ ओढलं. हरिदासभाऊंनी फोनवरचं पत्र मागून घेतलं, चष्मा नाकावर ठेवला आणि दोन ओळींनंतर ते रुखमाबाईच्या हाती देऊन अंगणात गेले. रुखमाबाईला इंग्रजी येत नव्हतं. तरी तिनं ते शेवटपर्यंत पाहिलं.

गावाला फोनवर कळवणं बरं दिसलं नसतं. दुसऱ्या दिवशी तिघंही निघाली, आलापल्लीला मुक्काम केला आणि सकाळी सातलाच येरमेटोल्यात हजर झाली. मंगलीबाई अंगण झाडत होत्या. संघप्रियानं सांगितलं. त्यांनी झाडू भिंतीला टेकवला, तिच्या गालावरून हात फिरवला आणि विचारलं, किती वर्सं? पाच, संघप्रिया म्हणाली.

"तं मंग चला," मंगलीबाई म्हणाल्या. "ऊन चढलं की सात्या उमलून जाते."

बायका टोपल्या घेऊन पुढे निघाल्या, त्यांच्यात रुखमाबाईही. पॉलिश केलेल्या बुटांनी चिखल तुडवत हरिदासभाऊ सर्वांत मागे. मैलभर आत गेल्यावर मंगलीबाई एका साध्या उंचवट्यापाशी थांबल्या आणि त्यांना पुढे बोलावलं. पाहा, म्हणाल्या. हरिदासभाऊंनी पाहिलं. ओला पाला होता, सागाची मोठी पानं होती, बाकी काही नव्हतं. तसं त्यांनी सांगितलंही. मंगलीबाईंनी त्यांना बाहीला धरून खाली बसवलं.

बसल्यावर एक दिसली. पांढरी, बोटभर, टोकाला तपकिरी, पाला वर उचलून उभी. मग तिच्याशेजारची दिसली, आणि तिच्यामागची, आणि एकदम सगळा उंचवटाच उगवलेला दिसला, त्यांच्या गुडघ्यांना लागून, बुटांच्या दोन्ही बाजूंनी, झाडांच्या बुंध्यांपर्यंत. हरिदासभाऊ पाय न हलवता तिथंच बसून राहिले आणि एकेक मोजायचं सोडून नुसते पाहत राहिले.